शिवी नेमकी कुणाला लागते?

नोव्हेंबर २०२४ मध्ये अहिल्यानगर जिल्ह्याच्या नेवासा तालुक्यातल्या सौंदाळा गावाने ग्रामसभेत एक ठराव केला: आई-बहिणीवरून शिवी देणाऱ्याला पाचशे रुपये दंड. बातमी देशभर गेली. इंग्रजी मथळ्यांत तिचे 'शिव्यांवर बंदी' एवढेच उरले. आई आणि बहीण आतल्या मजकुरात खुलाशापुरत्या आल्या. ठरावाचा सारा जीव मात्र त्या 'वरून'मध्ये होता. भांडण दोन पुरुषांचे, आणि शब्दांचा मार तिथे हजरही नसलेल्या बाईला. मराठीत या प्रकाराला नावेच आहेत: आईबहीण काढणे, आईवर जाणे, सात पिढ्यांच्या बायका उद्धारणे. 'काढणे' हे क्रियापद तर अगदी चपखल आहे, कारण घरात असलेल्या बाईला शब्दांनी ओढून चावडीवर आणणे हेच तिथे घडते. इंग्रजीत शिवीला शब्द भरपूर, पण या कृतीला नाव नाही. मराठी शिव्यांच्या इंग्रजी भाषांतराची चर्चा गेली पन्नासेक वर्षे बहुतेक एकाच मुद्द्याभोवती फिरते आहे: इंग्रजी शब्द पुरेसा तिखट आहे की नाही, भाषांतरकाराने सोवळेपणा केला की नाही. माझे म्हणणे असे की तिखटपणाचा हिशेब दुय्यम आहे. इंग्रजीत जाताना शिवीचे खरे नुकसान होते ते नात्याचे. शिवी कुणाला दिली आणि कुणाला लागली, यांतले अंतर पुसले जाते.

हे नुकसान केवळ साहित्यातले नाही. हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातले गोरेगाव घ्या (मुंबईचे नव्हे, आपले मराठवाड्यातले). अशा गावात भांडण पेटते ते बांधावरून, पाण्याच्या पाळीवरून, सामाईक विहिरीवरून. ठाण्यात फिर्याद लिहिली जाते मराठीत, आणि तिच्यात ठरलेले वाक्य असते: आईबहिणीवरून अश्लील शिवीगाळ केली. प्रकरण वर सरकत उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेले की कागद इंग्रजी होतात, आणि त्या वाक्याचे 'घाणेरड्या भाषेत शिवीगाळ' होते. घाण राहिली, आई-बहीण गेली. याउलट अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली जातिवाचक शिवीगाळीची फिर्याद असेल तर जातीचे नाव उच्चारले होते का, चारचौघांत उच्चारले का, हे बारकाईने पाहिले जाते, म्हणून तो शब्द भाषांतरातही सहसा जपला जातो. जुन्या दंडसंहितेचे कलम ५०९ आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेचे कलम ७९ बाईच्या विनयशीलतेचा शब्दांनी वा हावभावांनी अपमान करण्याबद्दल आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्यातही दलित-आदिवासी स्त्रीला उद्देशून लैंगिक स्वरूपाचे शब्द वापरण्याबद्दल वेगळे पोटकलम आहे. पण ज्या आईचा उद्धार मुलाच्या भांडणात झाला, ती या कलमांना सहज सापडत नाही, कारण शब्द तिला उद्देशून नव्हते. कायद्याने जात ऐकली, बाई अर्धवट ऐकली. पुढे दिसेल की भाषांतरकारांनीही बहुधा तेच केले.

आधी व्याकरण पाहू, कारण पुरावा तिथूनच सुरू होतो. मराठीत बाईला शिवी देताना शब्द थेट संबोधनात येतो: रांडे, सटवे, भवाने. पुरुषाला द्यायची असेल तर बहुधा षष्ठी लागते: रांडेच्या, शिंदळीच्या, बटकीच्या. पुढचे 'पोरा' किंवा 'लेका' गळून पडलेले असते. म्हणजे बाई हे नाम आणि पुरुष हा तिच्या षष्ठीत अडकलेला. त्याची स्वतःची अशी बेअब्रूच जणू होऊ शकत नाही. ती त्याला कुठल्यातरी बाईकडून आणावी लागते. पोर्तुगीजमध्ये नेमकी हीच बांधणी आहे. गोव्यावर १५१० पासून १९६१ पर्यंत ज्या भाषेचे राज्य होते, तिच्यातली सर्वांत चलनी शिवी 'फिल्यु दा पुता', म्हणजे रांडेचा पोर. पोर्तुगीजचे दुसरे एक वैशिष्ट्य मराठी वाचकाला लगेच ओळखू येईल. 'वागाबुंदो' म्हणजे भटक्या, रिकामटेकडा माणूस. त्याचेच स्त्रीलिंग 'वागाबुंदा', विशेषतः ब्राझीलमध्ये, म्हणजे चवचाल बाई. आपला उंडगा आणि उंडगी यांची हीच तऱ्हा. उंडगा गावभर हिंडतो, एवढीच त्याची तक्रार. उंडगी हिंडते म्हणताना तिच्या चारित्र्यावर बोट असते. एका प्रत्ययाने, एका स्वराने, आळसाचा व्यभिचार होतो. इंग्रजीला नामांचे लिंगप्रत्यय फारसे नाहीत. म्हणून भाषांतरकाराला त्या एका स्वराचा अर्थ वेगळे नाम निवडून सांगावा लागतो, आणि निवडलेले नाम एक तर फार बोचरे होते किंवा फार मिळमिळीत. मूळ शब्दाची खरी विखारी बाजू ही की तो दोन्ही अर्थ एकाच वेळी धरून ठेवतो. बोलणारा हवे तेव्हा 'मी नुसते भटकी म्हणालो' म्हणून हात झटकू शकतो. इंग्रजीत ही पळवाट उरत नाही, आणि पळवाट हाच तर या शब्दांचा अर्धा उपयोग असतो.

मराठी शिव्यांतल्या या बाया हवेतून आलेल्या नाहीत. पेशवाईत शिंदळकी हा दप्तरी शब्द होता, सरकारी गुन्ह्याचे नाव. शिंदळकी शाबीत झालेल्या बाईला कुणबीण करून सरकारजमा करीत, कोठीवर वा कारखान्यात राबवीत, प्रसंगी विकीत. पेशवेकालीन कागदांवर काम केलेल्या अभ्यासकांनी हे तपशीलवार मांडले आहे. उमा चक्रवर्तींच्या पंडिता रमाबाईंवरील १९९८ च्या पुस्तकाचा पूर्वार्ध मुद्दाम वाचण्यासारखा आहे. बटीक आणि कुणबीण म्हणजे घरातली दासी, तिला मालकापासून झालेला मुलगा लेकावळा, आणि त्याला वारशात जागा नाही. तेव्हा 'बटकीच्या' ही शिवी ज्याला बसे, त्याला ती नुसती आईच्या चारित्र्याची आठवण करून देत नसे. तुझ्या नावावर जमीन लागणार नाही, पंगतीत तुझे पान वेगळे पडेल, असे बजावत असे. गुलामीला कायद्याची मान्यता १८४३ च्या पाचव्या कायद्याने संपली, शब्द मागे राहिला. 'रांड'ची कथा याहून लांबची. मोल्सवर्थच्या १८३१ च्या आणि वाढवलेल्या १८५७ च्या कोशात या शब्दाखाली विधवा आहे आणि वेश्याही आहे. नवरा मेला की बाईवरची मालकी संपली, आणि मालकी नसलेली बाई सर्वांची, असा समाजाचा न्याय त्या एका नोंदीत शेजारी शेजारी बसला आहे. इंग्रजीने विधवेला वेगळा शब्द दिला आणि वेश्येला वेगळा. या दोहोंपैकी कुठलाही उचला, दुसरा हातातून सुटतो. मोल्सवर्थ कोशकार होता, त्याला दोन्ही लिहिण्याची मुभा होती. भाषांतरकाराला ओळीत एकच जागा असते.

आता प्रत्यक्ष भाषांतरे. सर्वांत बोलके उदाहरण एका पुस्तकाच्या नावाचे आहे. शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' १९८४ चे. संतोष भूमकरांनी केलेले इंग्रजी भाषांतर ऑक्सफर्डने २००३ मध्ये 'द आउटकास्ट' या नावाने काढले, मराठी शब्द उपशीर्षकात ठेवून. अक्करमाशी हा शब्द सोनाराच्या तागडीतला. बारा मासे म्हणजे तोळा. अकरा माशांचा तो खोटा, कमअस्सल. लग्नाशिवाय झालेल्या मुलाला हा शब्द लावतात. लिंबाळ्यांची आई महार, जन्मदाता बाप पाटील. शिवी बापाच्या जुलमाने जन्मलेली, वजन कमी भरले ते मुलाचे, आणि खोट काढली ती आईच्या कुशीत. नात्याचा हा सगळा तिढा एका मापात बसला आहे. 'आउटकास्ट' म्हणताच जात उरली आणि आई निघून गेली. शीर्षक वाचणाऱ्या इंग्रजी वाचकाला वाटेल की हा जातीबाहेर टाकलेल्या माणसाचा अनुभव. मुळात तो दोन जातींच्या मध्ये, एका बाईच्या देहावर, पडलेल्या माणसाचा आहे. भाषांतरकाराला किंवा प्रकाशकाला दोष देण्याचे मला कारण दिसत नाही. जातीचा शब्द परदेशी वाचकाला ठाऊक होता, सोनाराचे माप नव्हते. पण निवड कुठल्या बाजूला झुकली ते पाहण्यासारखे आहे.

किशोर शांताबाई काळे यांच्या 'कोल्हाट्याचं पोर' (१९९४) या पुस्तकाचे तर नावच बदलून गेले. पेंग्विनच्या २००० च्या इंग्रजी आवृत्तीवर 'अगेन्स्ट ऑल ऑड्स' असे छापले आहे. मराठीत शीर्षकच एक शिवी आहे आणि लेखकाच्या नावात बापाच्या जागी आई आहे. म्हणजे मुखपृष्ठावर एक हिणवणे आणि त्याला दिलेले एक उत्तर शेजारी उभे आहेत. इंग्रजी शीर्षकात जिद्दीने डॉक्टर झालेल्या तरुणाची यशोगाथा ऐकू येते. नाव तेच आहे, शांताबाई तिथेच आहे, पण जिला उत्तर म्हणून ती आली ती शिवी गेल्यामुळे तिचे तिथे असणे केवळ रिवाज वाटतो. लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'ला आणि लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या'ला साहित्य अकादमीने अनुक्रमे 'अॅन आउटसायडर' आणि 'द ब्रँडेड' ही नावे दिली. तिथे मूळ शब्दांतच बाई नसल्याने हा प्रश्न आला नाही, आणि दोन्ही नावे चांगली उतरली आहेत. शब्दात बाई नसली की भाषांतर सोपे जाते, असा ढोबळ नियमच सांगता येईल.

रंगभूमीवरचा प्रश्न जरा निराळा. विजय तेंडुलकरांचे 'सखाराम बाइंडर' १९७२ मध्ये आले, परीक्षण मंडळाच्या कात्रीत सापडले, आणि कमलाकर सारंगांनी ते उच्च न्यायालयातून सोडवून आणले. त्या लढ्याची हकिगत त्यांच्या 'बाइंडरचे दिवस'मध्ये आहे. कुमुद मेहता आणि शांता गोखले यांचे इंग्रजी भाषांतर जाणत्या हातांचे आहे, सखारामची शिवराळ ऐट त्यात येते. अडचण चंपाची आहे. चंपा नवऱ्याला, फौजदार शिंद्याला, पुरुषाच्या तोंडच्या शिव्या देते आणि मराठी प्रेक्षक हादरतो, कारण ज्या शिव्या बाईवरून दिल्या जातात त्याच एक बाई उलट्या फेकते आहे. इंग्रजीत शिव्या देणारी बाई ही केवळ तोंडाळ बाई होते. शब्द तितकेच तिखट ठेवूनही उलटफेक हरवते, कारण मुळात दिशाच दिसत नसेल तर ती उलटली हे कसे कळणार? नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा'बद्दल मी इथे फार लिहीत नाही. तेंडुलकरांची प्रस्तावना घेऊन आलेल्या या संग्रहातली भाषा मराठी मध्यमवर्गालाच आधी भाषांतरित करून घ्यावी लागली होती, आणि दिलीप चित्र्यांनी नवयानसाठी २००७ मध्ये केलेले इंग्रजी पुस्तक हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. एक योगायोग मात्र नोंदवावासा वाटतो. ज्या १९७२ मध्ये मुंबईत बाइंडरवर कात्री चालली, त्याच वर्षी लिस्बनमध्ये मारिया इझाबेल बार्रेनु, मारिया तेरेझा ओर्ता आणि मारिया व्हेल्यु दा कोश्ता या तिघींचे 'नोव्हाश कार्ताश पोर्तुगेझाश' निघाले, जप्त झाले, आणि लेखिकांवर अश्लीलतेचा खटला भरला गेला. १९७४ च्या क्रांतीनंतर त्या निर्दोष सुटल्या. दोन्हीकडे सरकारला शब्द खुपले. बाईच्या नावाने पुरुष रोज जे बोलत होते त्याबद्दल दोन्हीकडे खटला झाला नव्हता.

नात्याच्या शिव्यांत सर्वांत फसवी 'साला'. हिंदी-उर्दूच्या वाटेने ती आपल्याकडे रुळली, आणि निजामाच्या राज्यात १९४८ पर्यंत राहिलेल्या मराठवाड्याला तर ती परकी कधी वाटलीच नाही. बायकोच्या भावाला साला म्हणणे हे नाते. परक्याला म्हणणे म्हणजे तुझी बहीण माझ्याकडे आहे असा दावा. मुलगी देणारे घर खालचे आणि घेणारे वरचे, ही लग्नव्यवहारातली उतरंड माहीत नसेल तर शिवी समजतच नाही. इंग्रजीत 'ब्रदर-इन-लॉ' लिहिले तर वाचक हसेल, 'बास्टर्ड' लिहिले तर बहिणीच्या जागी आई येईल. 'भाडखाऊ' आणि 'भडवा' यांचीही तीच गत. इंग्रजीत 'पिंप' हा एक धंदा करणारा इसम. मराठीत भाडखाऊ म्हणजे घरच्या बाईच्या कमाईवर पोट भरणारा, आणि शिवीचा डंख त्या 'घरच्या'त आहे. पोर्तुगीजमधला 'कॉर्नु' बायकोला ताब्यात ठेवता न आलेल्या नवऱ्याला हिणवतो, आपला भाडखाऊ तिला विकून खाणाऱ्याला. दोन्ही समाजांना बाईची राखण हे पुरुषाचे कर्तव्य वाटते, पण एकाला भीती चोरीची आणि दुसऱ्याला सौद्याची. हा फरक दोन्ही शब्द इंग्रजीत नेताच सपाट होतो.

बायकांच्या तोंडच्या शिव्या हे तर वेगळेच दालन आहे, आणि समीक्षेने त्याकडे फार कमी पाहिले. मेल्या, मुडद्या, तुझं मढं निघो, तोंडात माती पडो: बाई पुरुषाला शिवी देते ती त्याच्या आयुष्यावर. त्याच्या आईवर जायचे तर लागणाऱ्या वाक्यरचनेत कर्ता पुरुष असावा लागतो, आणि ती रचना तिच्या तोंडी बसवली तर ती पुरुषाची भूमिका उसनी घेते. चंपा हेच करते. म्हणून 'मेल्या' या शब्दात बोलणाऱ्याचे लिंग आपोआप ऐकू येते. छापील पानावर नाव नसले तरी बाई बोलते आहे हे कळते. इंग्रजी वाक्यात ही खूण ठेवायला जागाच नाही. बाईने बाईला दिलेल्या शिव्यांत देवीच शिवी होते. सटवी ही बाळाच्या सहाव्या रात्री कपाळावर लिहून जाणारी, भवानी ही तुळजापूरची. आणि 'सटवे', 'भवाने' म्हणजे तोंड वर करून बोलणारी, ताब्यात न राहणारी. पूजेतली ताकद घरात दिसली की ती शिवी होते. गंमत म्हणजे इंग्रजीत याचा एक दूरचा सोयरा आहे. 'टर्मगंट' म्हणजे कजाग बाई; मध्ययुगीन युरोपी नाटकांत हे एका कल्पित, आरडाओरड करणाऱ्या दैवताचे नाव होते. भाषांतरकाराला तो शब्द आज वापरता येणार नाही, शिळा झाला आहे, पण दैवताची शिवी होते हे इंग्रजीलाही कधीकाळी ठाऊक होते. बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं'मध्ये सासवांनी सुनांचा केलेला छळ आणि शिव्याशाप यांची पानेच्या पाने आहेत. माया पंडितांनी २००८ मध्ये 'द प्रिझन्स वी ब्रोक' या नावाने ते इंग्रजीत आणले तेव्हा त्यांच्यासमोर तिखटपणाचा प्रश्न होताच, पण त्याहून मोठा होता तो सत्तेचा: दोघीही बाया, दोघीही महारवाड्यातल्या, आणि तरी शिवी एकाच दिशेने वाहते. लेखिकेनेच सासवेपणाचे कारण मांडलेले असल्याने त्या पुस्तकात ही दिशा इंग्रजीतही टिकली. निवेदन मदतीला आले की शब्दाची उणीव भरून निघते, हे इथे लक्षात ठेवण्याजोगे.

मराठवाड्याला या विषयावर सर्वांत जुना आणि सर्वांत चांगला पुरावा आपल्याच अंगणात मिळतो. नामदेवांचे जन्मगाव मानले जाणारे नर्सी हिंगोली जिल्ह्यातच आहे. त्यांच्या घरची दासी जनाबाई गंगाखेडची, परभणीकडची. जनाबाईच्या नावावर एक अभंग आहे, त्यात ती अंगणात उभी राहून विठ्ठलाला चक्क शिव्या घालते. त्याला 'विठ्या' म्हणते, त्याची बायको रंडकी झाली म्हणते, त्याचे मढे काढते. बायको आणि विधवा या दोहोंसाठी तिथे एकाच कुळातले दोन शब्द शेजारी आले आहेत, आणि लगेच सावित्रीच्या चुड्याचा उल्लेख करून ती विधवेच्या शिवीलाच उलटवते. देवालाही शिवी द्यायची तर त्याच्या बायकोवरून द्यावी लागते. आणि देणारी दासी आहे, जिच्या नावानेच इतरांना शिवी दिली जाई. हे सगळे नाते इंग्रजीत न्यायचे म्हणजे शब्दशः विधवा लिहून भागत नाही आणि वेश्या लिहूनही नाही. तिच्या दुसऱ्या एका प्रसिद्ध अभंगात ती डोईचा पदर खांद्यावर घेऊन भर बाजारात निघते आणि स्वतःला वेसवा म्हणवते. विलास सारंगांच्या इंग्रजी भाषांतरात तिथे 'स्लट' आहे. सारंग मोठे लेखक, दोन्ही भाषांत लिहिणारे, आणि त्यांच्या शब्दात झटका आहे. तरी मला तो पटत नाही. 'स्लट' हे वर्तनावरचे दूषण आहे. वेसवा ही बाजारातली एक जागा आहे, एक दर्जा आहे: जिला नवरा नाही, जिच्यावर घराची मालकी नाही, म्हणून जी कुणाच्याही परवानगीविना देवाच्या घरी जाऊ शकते. जनाबाई बेताल झाल्याचे सांगत नाही. आपण आता कुणाच्या षष्ठीत नाही असे सांगते. तिखटपणाच्या मापाने सारंगांचा शब्द पैकीच्या पैकी आहे, नात्याच्या मापाने तो उणा पडतो.

या सगळ्यावर पहिला आक्षेप भाषाशास्त्राच्या बाजूने येईल. शिव्या झिजतात, 'आयला' म्हणणाऱ्याच्या मनात आई नसते, मग भाषांतरात ती का शोधायची? प्रसंगाला साजेसा इंग्रजी उद्गार पुरे. उद्गारांपुरते हे मान्य करायला हवे. ठेच लागल्यावरचा 'आयला' इंग्रजीत कुठल्याही छोट्या उद्गाराने भागतो, तिथे मातृत्व शोधणे हा पंडिती हट्ट होईल. 'लेकाचा'मध्येही षष्ठी उरली आहे आणि बाई गेली आहे. ती शिवी आता बापही मुलाला प्रेमाने देतो. पण झिजणे सगळीकडे सारखे नसते. महेश मांजरेकरांच्या 'शिक्षणाच्या आयचा घो' या २०१० च्या चित्रपटाच्या नावावर आक्षेप आले तेव्हा बाजू घेणारे सांगत होते की मालवणीत घो म्हणजे नवरा, आणि आईचा नवरा म्हणजे बाप, यात अश्लील काय? शब्दकोशाच्या दृष्टीने बिनतोड युक्तिवाद. तरी खुपणाऱ्यांना खुपले, कारण 'आयचा' एवढे ऐकताच दिशा कळते, पुढचे नाम काहीही असो. आणि बांधावरच्या भांडणात तीच शिवी समोरच्याला उद्देशून आली की झिजलेली धार परत येते, कोयता निघतो. तेव्हा प्रश्न शब्दाचा नाही, वापराचा आहे: उद्गार की संबोधन, हे भाषांतरकाराने आधी ठरवावे.

दुसरा आक्षेप स्त्रीवादी बाजूने, आणि तो अधिक वजनदार आहे. जी शिवी बाईवर हिंसा करते ती नव्या भाषेत नेटाने पुन्हा का उभी करायची? सुझान जिल लेव्हिन यांनी कुबाचा लेखक गियेर्मो काब्रेरा इन्फान्ते याची कादंबरी स्पॅनिशमधून इंग्रजीत आणताना अशी जागा मुद्दाम बदलली. कुणी पुरुष बाईवर बलात्कार करू शकत नाही, अशा अर्थाच्या मूळ विधानात त्यांनी इंग्रजीत एक विशेषण घुसवून पुरुषालाच चिमुकला करून टाकले आणि १९९१ च्या 'द सबव्हर्सिव्ह स्क्राइब' या पुस्तकात त्याचे समर्थनही केले. लेखक हयात होता, सोबत बसून काम करत होता, आणि त्याला शब्दखेळ आवडत असे. तिथे ही खोडी शोभली. दलित आत्मकथनात ती शोभणार नाही. तिथे शिवी लेखकाने दिलेली नसते, त्याला किंवा त्याच्या आईला मिळालेली असते. ती सौम्य केली तर पुरावा सौम्य होतो. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये लिंगविषयक साचेबद्ध भाषेवर जी पुस्तिका काढली तिच्यातून हा भेद काढता येतो: न्यायाधीशाने स्वतःच्या भाषेत कुठले शब्द टाळावेत ते ती सांगते; साक्षीदाराच्या तोंडचा शब्द बदलण्याचा प्रश्न तिथे नाही. भाषांतरकाराचेही तसेच. निवेदकाची भाषा आणि पात्राच्या तोंडची भाषा यांना एकच नियम लावता येत नाही.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा: मग मराठी शब्दच ठेवा आणि मागे शब्दसूची जोडा. हल्लीच्या इंग्रजी प्रकाशनांत हा रिवाज वाढला आहे आणि 'साला'सारख्या शब्दापुरता तो बरा आहे. पण शिवी वाचताना मागचे पान उलटावे लागले की ती शिवी राहत नाही, वस्तुसंग्रहालयातला नमुना होते. शिवाय परक्या लिपीतला शब्द वाचकाला 'हे लोक असे बोलतात' एवढेच सांगतो, आणि तो स्वतःच्या भाषेतल्या तशाच शिवीपासून सुटतो. इंग्रजीतही शेक्सपिअरच्या काळी 'होरसन' होताच, तिथेही मुलगा आईच्या नावाने बांधला जात होता. त्यापेक्षा मला अधिक उपयोगाची वाटते ती मेहनतीची वाट: शिवी आहे त्या वाक्यातच, तिच्या आजूबाजूला, नाते उघडे करणे. आईला उद्देशून शब्द, मुलाचे नाव, घर, वारसा यांतला एखादा धागा वाक्यात राहिला तर नाम थोडे कमी तिखट असले तरी चालते. याने वाक्य लांबते, शिवीचा सपकन बसणारा झटका थोडा मंदावतो; ही किंमत द्यावी लागते आणि प्रत्येक ठिकाणी ती परवडेलच असे नाही. नाटकात तर बहुधा नाहीच परवडणार.

ज्या लेखिकेने हे काम मुळातच करून ठेवले आहे, तिच्याकडे भाषांतरकारांनी पुन्हा वळायला हवे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' पुण्यात छापले. सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेवरचा खटला आणि त्यावर वर्तमानपत्रांनी ओकलेली गरळ हे निमित्त. पुस्तक इतके झोंबले की पाठराखणीला जोतीराव फुल्यांना १८८५ मध्ये 'सत्सार'मध्ये उतरावे लागले. पुढे जवळजवळ विसरलेले हे पुस्तक स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये पुन्हा प्रकाशात आणले आणि रोझालिंड ओ'हॅनलन यांनी १९९४ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर केले. ताराबाई बाईला दिलेली दूषणे एकेक उचलतात आणि तीच पुरुषाला लावून पाहतात. नवरा मेल्यावर बाई अभद्र, मग बायको मेलेला पुरुष कोण? मराठीत विधुराला शब्द आहे, पण भांडणात त्याने कुणाला हिणवता येत नाही. त्यांच्या लेखनात शिवी एकटी येत नाही. ती कुणी दिली, कुणाला लागली, आणि त्या जागी तो असता तर त्याला काय म्हटले असते, हे लगोलग येते. म्हणून त्या पुस्तकातल्या शिव्या इंग्रजीत फारशा हरवत नाहीत. एकशेचाळीसहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या ठसक्याच्या बोलीला इंग्रजी गद्यात तितकाच फणकारा देता आला आहे का, यावर मतभेद होतील, आणि माझ्या मते तो थोडा कमी पडलाही आहे.